'बुद्ध' लिहिताना 'द' आधी, 'ध' नंतर!

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले गाव. शेजारीच हिंजवडीचे आयटी पार्क. रात्रंदिवस हजारो संगणक जिथे चालू असतात त्या काचेच्या इमारती गावाच्या शिवारातून दिसतात. आपली माणसे तिथे कामाला जातात. कोणी साफसफाईला, कोणी पहाऱ्यावर, कोणी गाडीवर. आता काही मुले-मुली शिकून तिथल्या संगणकासमोरही बसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट.

याच मारुंजीत घडलेला एक साधा प्रसंग सांगतो.

२५ डिसेंबर जवळ आला होता. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे भगवान बुद्धांची मूर्ती स्थापन केली. रंगूनहून आणलेली ती मूर्ती. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी लोक देहूरोडला जमतात. मारुंजीहून तर हे ठिकाण जवळचेच. वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून एक फ्लेक्स छापून आणला होता. निळा रंग, पंचशील ध्वज, बाबासाहेबांचा फोटो, सगळे झकास. आम्ही तिथेच बसलो होतो. फ्लेक्स ओट्यावर पसरला तशा एक आजी पुढे आल्या. आजींचे वय सत्तरीपुढचे. शाळेचे तोंड लहानपणी पाहिले नाही. लग्नानंतर, मुले झाल्यावर प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकल्या. अजूनही वाचताना अक्षराखाली बोट धरतात.

आजींचे बोट पहिल्याच शब्दावर थांबले.

"पोरा, ह्यो शब्द माझ्या तोंडात बसंना. मी म्हणते बुद्ध. ह्यात तर ध आधी आलाय अन् द मागनं."

पोरगा म्हणाला, "आज्जी, सगळीकडं असंच छापत्यात."

आम्ही वाकून पाहिले. फ्लेक्सवर ठळक अक्षरांत छापले होते, 'बुध्द'. आणि पोराचे म्हणणेही खोटे नव्हते. घरी येऊन आम्ही जुन्या पत्रिका काढल्या. लग्नाची पत्रिका, नामकरणाची पत्रिका, पुण्यानुमोदनाचे निमंत्रण. आमच्याच घरातल्या तीन पत्रिकांवर 'बुध्द' आणि 'बौध्द' असे छापलेले निघाले. मजकूर आम्हीच वाचून मंजूर केला होता! इतकी वर्षे जे आमच्या डोळ्यांना दिसले नाही, ते अक्षराखाली बोट धरून वाचणाऱ्या एका आजीला दिसले.

चूक नेमकी काय आहे?

'बुध्' म्हणजे जाणणे, जागे होणे. त्याला 'त' हा प्रत्यय लागला की 'बुद्ध' होते. जो जागा झाला तो बुद्ध. हा जोड होताना 'ध'चा जोर पुढच्या अक्षरावर सरकतो, म्हणून अर्धा 'द' आधी आणि पूर्ण 'ध' नंतर येतो. तोंडाने हळू म्हणून पाहा, बुद्-ध. 'बुध्-द' असे कोणी म्हणतच नाही.

हा नियम आपल्याला पाठ आहे, फक्त तो नियम आहे हे कोणी सांगितलेले नाही. पंचशील घेताना आपण पाच वेळा 'सिक्खापदं' म्हणतो. त्यात 'क' आधी, 'ख' नंतर. भिक्खु, दुक्ख यांतही तेच. 'अट्ठंगिक' मार्गात 'ट' आधी, 'ठ' नंतर. सद्धा, श्रद्धा, शुद्ध, सिद्धार्थ, प्रबुद्ध या सर्वांत 'द' आधी, 'ध' नंतर. पाली आणि संस्कृत शब्दांत साधे अक्षर आधी येते आणि जोराचे अक्षर नंतर. चिठ्ठी, अख्खा हे बोलण्यातून आलेले मराठी शब्द वेगळे, त्यांत जोराचे अक्षर दोनदा लिहिण्याची रीत आहे. पण आधी 'ध' आणि मग 'द' असा उलटा जोड यांपैकी कोणत्याच रीतीत बसत नाही.

मग ही चूक आली कोठून?

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत होते तेव्हा 'द्ध' या जोडाक्षराचा अखंड खिळाच असे. जुळाऱ्याने तो उचलला की काम झाले. ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' निघू लागले, ते याच खिळ्यांच्या जमान्यात.

पुढे टाइपरायटर आला. त्याच्या कळा मोजक्या आणि मराठीची जोडाक्षरे शेकड्यांनी. म्हणून अर्ध्या अक्षरांची युक्ती निघाली. ज्या अक्षराच्या शेवटी काना आहे, त्याचा काना काढला की ते अर्धे होते. 'ध'ला काना आहे, त्यामुळे अर्धा 'ध' सहज होतो. 'द'ला काना नाही, त्यामुळे त्याचे अर्धे रूप असे होत नाही. त्याचा पाय मोडावा लागतो किंवा 'द्ध'ची वेगळी सोय शोधावी लागते. घाईत बसलेल्या माणसाला अर्धा 'ध' आणि पूर्ण 'द' हीच वाट जवळची वाटते. शिवाय हाताने लिहिताना 'द'च्या पोटाखाली 'ध' लटकवण्याची जुनी पद्धत. त्यातले कोणते अक्षर पहिले, हे पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही.

नंतर संगणक आला आणि गोंधळ आणखी वाढला. त्याचे कारण मोठे गमतीदार आहे. सुरुवातीच्या संगणकात एका अक्षरसंचाला २५६ जागा असत. पहिल्या १२८ जागा इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांच्या. उरलेल्या जागांवर फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांची खास अक्षरे बसवलेली. त्यांच्या लिपीत इंग्रजी अक्षरांवरच कुठे टोपी, कुठे तिरपी रेघ, कुठे दोन टिंबे येतात. मराठीला तिथे जागाच नव्हती. म्हणून मराठी फाँट तयार करणाऱ्यांनी इंग्रजी आणि या टोपीवाल्या परदेशी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांची चित्रे बसवली. पडद्यावर दिसायचे 'बुद्ध', पण संगणकाच्या पोटात साठायची भलतीच अक्षरे! तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी मजकुराऐवजी टोप्या-टिंबांची इंग्रजी अक्षरे सांडलेली दिसत. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी.

जे अक्षर कळेवर मावत नसे, ते आणण्यासाठी 'ऑल्ट' ही कळ दाबून धरायची आणि उजवीकडच्या आकड्यांवर चार आकडी क्रमांक मारायचा. ज्यांनी त्या काळात डीटीपीची कामे केली त्यांना आठवत असेल, संगणकाशेजारी भिंतीवर त्या क्रमांकांचा कागद चिकटवलेला असे. कागद फाटला किंवा नवा माणूस कामावर आला, की 'द्ध'चा क्रमांक विसरला जाई आणि कळेवर सापडणारा अर्धा 'ध' पुन्हा कामाला येई. 'बुध्द' असा घराघरात पोहोचला.

मात्र आज ही सबब उरलेली नाही. आणि ती संपवण्यात आपल्या पुण्याचाही हात आहे.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे काम आयआयटी कानपूरमध्ये झाले. मोहन तांबे यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथे पुढे वाढले. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच कीबोर्ड ठरवला. त्याला 'इन्स्क्रिप्ट' म्हणतात. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक जाहीर झाले आणि त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या 'युनिकोड'चा पहिला भाग निघाला. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे घर मिळाले. फ्रेंच अक्षर फ्रेंचच्या जागी आणि मराठी अक्षर मराठीच्या जागी. कोणाच्या ओसरीवर उभे राहण्याची गरज उरली नाही. घराची किंमत आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको.

युनिकोडमध्ये 'बुद्ध' हा शब्द पाच खुणांनी साठतो. ब, उकार, द, पायमोडीची खूण आणि ध. 'बुध्द' लिहिले तरी खुणा पाचच, पण 'द' आणि 'ध' यांची जागा बदललेली. माणूस म्हणेल, काय फरक पडतो, कळले ना! संगणक असे म्हणत नाही. तो खूण खुणेशी ताडून पाहतो. त्याच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. एखाद्या यादीत किंवा फाइलमध्ये 'बौद्ध' शोधायला सांगितले, तर 'बौध्द' लिहिलेल्या ओळी तो साफ वगळून जातो.

याचा चटका आम्ही स्वतः सोसला आहे. आमच्या पुतण्याच्या नावात 'द्ध' आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते नाव 'ध्द' असे पडले होते आणि नंतरच्या कागदांवर 'द्ध' असे. त्याचा एक अर्ज 'नाव जुळत नाही' अशा शेऱ्यासह परत आला. मग प्रतिज्ञापत्र करा, झेरॉक्स काढा, पुन्हा रांगेत उभे राहा. त्याच्या वडिलांचे काम रोजंदारीवरचे. दोन दिवसांची मजुरी बुडाली. अखेर काम झाले, पण एका अक्षराच्या उलटापालटीने गरिबाच्या घरातून दोन दिवसांची भाकरी नेली. सिद्धार्थ, श्रद्धा, बुद्धभूषण, शुद्धोदन, सिद्धी ही नावे आपल्या घराघरात आहेत. 'बौद्ध' हा शब्द तर आपल्या कागदोपत्री येतोच येतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. त्या हक्काचा रस्ता कागदांतूनच जातो. म्हणून कागदावरच्या अक्षराला क्षुल्लक समजू नये.

आता मुख्य गोष्ट. बरोबर लिहिणे अवघड आहे का? मुळीच नाही. उलट इन्स्क्रिप्ट कीबोर्डची रचनाच अशी आहे, की पंचशील म्हणणाऱ्याला ती लगेच समजावी.

या कीबोर्डवर डाव्या हाताला स्वर व काना-मात्रा आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत. साधे अक्षर आणि त्याचे जोराचे अक्षर एकाच कळेवर ठेवले आहे. नुसती कळ दाबली की 'क', शिफ्ट धरून तीच कळ दाबली की 'ख'. तसेच ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. पायमोडीची खूण 'डी' या कळेवर आहे. आता 'द्ध' कसा लिहायचा? 'ओ' या कळेवर 'द' आहे. ती दाबा. मग 'डी' दाबून पाय मोडा. मग शिफ्ट धरून तीच 'ओ' पुन्हा दाबा, 'ध' येईल. 'क्ख'ही तसाच. 'के', मग 'डी', मग शिफ्ट धरून 'के'. कळ एकच, दोनदा दाबायची, मधे पाय मोडायचा आणि दुसऱ्या वेळी शिफ्ट. बुद्ध, भिक्खु, दुक्ख, सिक्खापद, सगळे याच एका चालीने लिहिले जातात.

हा कीबोर्ड विकत आणावा लागत नाही. विंडोज संगणकाच्या सेटिंगमध्ये भाषेच्या भागात जाऊन मराठी जोडली की तो मिळतो. टाइपरायटर शिकलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारत, इथे ती अक्षरानंतर मारायची. आधी 'भ', मग वेलांटी. बोलण्याचा क्रम तोच लिहिण्याचा क्रम.

ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे, त्यांनीही क्रम पाहावा. इंग्रजीत 'बुद्ध' लिहिताना डी दोनदा येतो आणि एच एकदाच, दुसऱ्या डीनंतर. तसे लिहिले तर फोन आपोआप 'बुद्ध' देतो. मात्र 'प्रज्ञा' लिहिताना ही पद्धत फसवते. आपण उच्चार 'द्न्य' असा करतो, इंग्रजीतही तसेच लिहितो आणि फोनवर कधीकधी 'प्रद्न्या' असे नाव उमटते. 'ज्ञ' हा 'ज' आणि 'ञ' यांचा जोड आहे. पालीत तर प्रज्ञेला 'पञ्ञा' म्हणतात. पाटीवर 'चछजझञ' गिरवताना ज्या 'ञ'ला आपण बिनकामाचा समजलो, तो प्रज्ञेच्या घरातला आहे.

पालीची पुस्तके इंग्रजी लिपीतही निघतात. १८८१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने त्रिपिटकाचे ग्रंथ त्या लिपीत छापले. कच्चायनाच्या व्याकरणाप्रमाणे पालीचे वर्ण ४१, इंग्रजी अक्षरे २६. म्हणून दीर्घ स्वरावर आडवी रेघ, 'ट', 'ड', 'ण', 'ळ' यांच्या अक्षराखाली टिंब आणि 'ञ'साठी एनवर नागमोडी रेघ देतात. फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर 'ए' किंवा 'एन' थोडा वेळ दाबून धरला, तर यांतली काही अक्षरे वर उमटतात. खाली टिंब असलेली मात्र तिथे सहसा मिळत नाहीत. देवनागरीत लिहिणाऱ्याला ही कसरत नाही. पालीचा प्रत्येक वर्ण आपल्या लिपीत आहे, मराठीचा लाडका 'ळ'सुद्धा.

आणखी एक अक्षर आपल्या रोजच्या गरजेचे, ॲट्रॉसिटी आणि ॲडव्होकेट या शब्दांतला 'ॲ'. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी 'अ'वर वेगळा चंद्र ठेवून काम भागवत किंवा हिंदीतला 'ए'वर चंद्र असलेला 'ऍ' वापरत. मराठीत 'ॲ' हेच योग्य. २००९ च्या शासन निर्णयाने ठरवलेल्या मराठी वर्णमालेतही तो आहे. अत्याचाराची तक्रार लिहिताना कायद्याचे नाव तरी शुद्ध असावे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून हे अक्षरांचे काय घेऊन बसलात? त्याला आम्ही बाबासाहेबांचेच उदाहरण देऊ. आजारपण, राजकारण, धम्मदीक्षेची तयारी या साऱ्यांतून वेळ काढून बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश रचायला घेतला होता. शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात तो प्रसिद्ध केला आहे. पालीचे व्याकरण, पाली शब्दांचे अर्थ आणि बौद्ध पूजापाठ असे त्याचे स्वरूप. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्यासाठी हा महापुरुष एकेक शब्द वेचत होता. त्या शब्दांतला पहिला शब्द तरी आपण नीट लिहावा.

मात्र एक विनंती. चूक दाखवताना कोणाला हिणवू नका. 'बुध्द' लिहिणाऱ्याची श्रद्धा कमी नसते. त्याच्या हातात आलेले यंत्रच अपुरे होते आणि त्याला कोणी सांगितले नव्हते. मारुंजीच्या त्या आजींनी पोराला रागावले नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या बारीला नीट छाप, बाबा." पोरांनी त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन फ्लेक्स बदलून आणला. यावेळी छापण्याआधी त्यांनी पडद्यावर अक्षराखाली बोट धरून वाचले.

आपणही तेच करावे. पत्रिका, फ्लेक्स, विहाराची पाटी छापायला देताना पडद्यावरचा मजकूर स्वतः वाचावा. मुलांच्या दाखल्यांवरची नावे आजच काढून पाहावीत. जुन्या दाखल्यावर चूक असेल, तर आधी ती रीतसर दुरुस्त करून घ्यावी. नव्या अर्जात परस्पर वेगळे लिहू नये, नाहीतर कागद जुळत नाहीत. शाळेच्या पुस्तकात 'द'चा पाय मोडून शेजारी 'ध' छापलेला दिसतो, तोही बरोबरच आहे. क्रम तोच, आणि मुलांना तो लवकर समजतो.

खालची चौकट कापून संगणकाशेजारी लावावी. पूर्वी तिथे परदेशी अक्षरांच्या क्रमांकांचा कागद असे. आता आपल्या अक्षरांचा असू द्या.

कापून ठेवा (इन्स्क्रिप्ट कीबोर्ड)

बुद्ध : वाय, जी, ओ, डी, शिफ्ट-ओ
बौद्ध : वाय, क्यू, ओ, डी, शिफ्ट-ओ
सिद्धार्थ : एम, एफ, ओ, डी, शिफ्ट-ओ, ई, जे, डी, शिफ्ट-एल
भिक्खु : शिफ्ट-वाय, एफ, के, डी, शिफ्ट-के, जी
दुक्ख : ओ, जी, के, डी, शिफ्ट-के
बोधिसत्त्व : वाय, ए, शिफ्ट-ओ, एफ, एम, एल, डी, एल, डी, बी ('त' दोनदा!)
प्रज्ञा : एच, डी, जे, पी, डी, मग शिफ्ट धरून 'पी'च्या उजवीकडची दुसरी कळ, ई

जय भीम! नमो बुद्धाय!